ग्राउनीच्या पुढच्या काचेतून

२८ मे, होप्न

ख्रिसमसला आईने दिलेली ही डायरी इतके दिवस कोरीच पडून होती. शाळेची बस चालवणाऱ्या बाईने लिहायचं तरी काय? सकाळी मुलं आत, दुपारी मुलं बाहेर. पण आज बाबाने ग्राउनीची किल्ली माझ्या हातात ठेवली, तेव्हा म्हटलं, आता पान काळं करायला हरकत नाही.

ग्राउनी ही बाबाची गाडी. जुन्या जीपचा डबा, खाली माझ्या कंबरेच्या वर येणारी चाकं, सगळं बाबाने गॅरेजमध्ये स्वतःच्या हाताने बसवलेलं. नाव करड्या घोड्याचं, म्हणून घरात सगळे त्याला 'तो' म्हणतात. वात्नायोकुलची हिमनदी बाबाने त्याच्यावरून जन्मभर ओलांडली, आणि मोठी झाल्यावर मी पुष्कळदा शेजारच्या सीटवर कॉफीचा थर्मास मांडीत धरून बसले. दोन वर्षं मात्र ग्राउनी गॅरेजातच आहे, कारण बाबाचा गुडघा. क्लच दाबला की कळ येते म्हणतो.

किल्ली दिली म्हणजे गाडी दिली असं नाही. अट घातलीय. "बर्फ ओलांडून वरच्या झोपडीपर्यंत ने आणि त्याच्या स्वतःच्या चाकांवर घरी आण. आणलास तर ग्राउनी तुझा. दुसऱ्या कुणी ओढत आणला, तर राजधानीतला तो पर्यटकांना फिरवणारा विकत घ्यायला कधीचा मागे लागलाय."

"आणि तू शेजारी बसून काय करणार?"

"थर्मास धरणार."

मला ग्राउनी हवाय. किती हवाय ते मी अजून कुणाला सांगितलेलं नाही, म्हणून इथे लिहून ठेवते.

३० मे

यंदा बचाव पथकाला बर्फाच्या मधोमध असलेल्या डोंगरावरच्या झोपडीत डिझेलची पिंपं पोचवायचीत, आणि कोल्फिनाला तिचं बर्फाला भोक पाडायचं गिरमिट घेऊन जायचंय. ती दर वसंतात थंडीत किती बर्फ पडला ते मोजते. एकटी गाडी वर पाठवत नाहीत. पथकाची दुसरी गाडी दुरुस्तीला गेलीय म्हणून ग्राउनीची आठवण झाली. पथकाचा म्होरक्या एविंदुर. त्याने स्वतः नाही विचारलं, निरोप धाडला.

त्याचं कारण गावात सगळ्यांना ठाऊक आहे. दोन वसंतांमागे उतारावर, भेगांच्या पट्ट्यात (त्या खेपेला मी नव्हते), बाबा झेंड्यांची ओळ सोडून बाजूला गेला आणि ग्राउनीचं पुढचं चाक भेगेत लटकलं. ते झेंडे दर वर्षी एविंदुर स्वतः बर्फात रोवतो. त्यानेच दोर लावून बाबाला बाहेर काढलं, त्यात त्याचा खांदा निखळला. आणि बाबाने आभार मानायचे सोडून पेट्रोल पंपावरच्या कॉफीच्या टेबलाशी सांगितलं, की झेंडे लावलेलेच नव्हते.

आज एविंदुर सामान भरायला आला. मला म्हणाला, "मागच्या वेळेबद्दल आभार, वेदिस." मीही म्हटलं, आमच्याकडे पुन्हा भेटलं की असंच म्हणायची रीत आहे. मागच्या वेळी आम्ही दुकानात अंड्यांच्या रांगेत पुढेमागे उभे होतो, दुसरं काही नाही. आभार मानायला तेवढंही पुरतं, माणूस पुन्हा भेटलाय एवढंच त्यात असतं. बाबाला मात्र त्याने नुसती मान हलवून दाखवली. बाबा त्याच्या खांद्यावरून पलीकडे कुठेतरी बघत राहिला. मला इतकी लाज वाटली. शहात्तर वर्षांचा माणूस, मान तरी हलवावी की नाही? पिंपं चढवतानाही दोघांनी एकमेकांच्या तपकिरीला हात लावला नाही. एरवी दोघांची तपकीर भरलेली शिंगं एकाच खिशात असायची.

आईने क्लाइनुरचा, म्हणजे तळलेल्या गोड पिळांचा, डबा भरून दिला आणि माझी कॉलर नीट केली. "बघायचं काम तुझं हं, वेदिस," म्हणाली. मी म्हटलं, बघेन की, बाबा काय लहान आहे?

१ जून, बर्फावर

चढलो. 

बर्फाच्या काठाशी थांबून टायरांतली हवा सोडली. आधी थोडी, मग आणखी थोडी, मग बाबाने टायरला कोपराने ढोसून पाहिलं आणि म्हणाला, "अजून." चाकं जमिनीवर पोट टाकून बसली तेव्हा कुठे त्याचं समाधान झालं. पहिली चढण मी बसच्या सवयीने गियर बदलत गेले, दोनदा रुतले. बाबा म्हणाला, "तू अजून रस्त्यावरच चालवतेयस. इथे रस्ता नाही. त्याच्या मनाने जाऊ दे." त्याच्या म्हणजे ग्राउनीच्या. हे तो वीस मिनिटं आधी सांगू शकला असता.

पण त्याने डोकं उठवलं ते वेगळ्याच गोष्टीने. दर दोन मिनिटांनी, "काय दिसतंय?"

"बर्फ."

"कसला बर्फ?"

"पांढरा, बाबा."

"वेदिस. करडा आहे का कुठे? सावली पडलीय का? कड दिसते का?"

मग मी शाळेतल्या पोरीसारखं सांगायचं, डावीकडे करडा पट्टा आहे, पुढे वाऱ्याने केलेल्या वळ्या आहेत, एविंदुरच्या चाकोऱ्या उजवीकडे वळल्यात. मला परीक्षेला बसवलंय. स्वतः काळा चष्मा लावून मजेत बसलाय. मी काही चुकीचं सांगितलं तरी तो टोकत नाही, पुढे जाऊन मलाच कळू देतो. मास्तर लोक असेच असतात.

दुपारी एका वळीवरून उतरताना मागचा टायर रिमवरून निसटला. ग्राउनी एका अंगावर कलला, आणि मी मनात म्हटलं, संपलं, पहिल्याच दिवशी. बाबा मात्र खूश झाला. उतरला तो थेट बर्फात गुडघ्यांवर, दोन्ही. (गुडघा, म्हणे.) जॅक लावला, बोटांनी रिमची कड चाचपली, बर्फ पुसून काढला, लायटरमध्ये भरायचं तेल टायरच्या आत शिंपडलं आणि मला म्हणाला, "काडी तू लाव."

"मी?"

"घाबरतेस का?"

घाबरतच होते. लांबूनच काडी टाकली, धडाम झालं, माझी टोपी उडाली आणि टायर रिमवर चढून बसला. बाबाने आजवर काडी कधी कुणाला लावू दिली नव्हती, आईलासुद्धा नाही. खरं सांगते, मान मिळाल्यासारखं वाटलं. एविंदुरच्या गाडीतून कोल्फिना वायरलेसवर म्हणाली, "वेदिस, भुवया आहेत का जागेवर?" त्या आहेत, त्याबद्दल देवाचे आभार.

२ जून

आजचा दिवस दुसऱ्या कुणाला मिळू नये, आणि मला मिळाला याचा आनंद आहे. दोन्ही खरं आहे.

सकाळी उबारा होता. सखल भागात वरून घट्ट दिसणारा बर्फ आणि खाली नुसती लापशी. एविंदुर हलका, तो निसटला. ग्राउनीत पिंपं, आम्ही पार सीटपर्यंत खाली. दारातून पाणी आत आलं. एविंदुरने ताणला जाणारा दोर लावला आणि ओरडला, "चाक सरळ धर, बसबाई, इथे थांबा नाहीये." तिसऱ्या हिसक्याला आम्ही बाहेर आलो, पण दोन्ही पुढची चाकं दोन दिशांना तोंड करून. त्यांना जोडणारा दांडा वाकून तडकला होता.

दांडा बाबाने सोडवला. तेही गुडघ्यांवर बसून, लापशीत, आणि कळबीळ काही नाही. मी म्हटलं, "बाबा, तुझा गुडघा कामाच्या वेळी बरा होतो, नाही?" तो म्हणाला, "थंडीने बधिर होतो." तडकलेला दांडा हातोडीने सरळ केला. मग दोन्ही गाड्यांतल्या बॅटऱ्या काढून एकीला एक जोडल्या, वायरीच्या टोकाला वेल्डिंगची कांडी लावली. असं वेल्डिंग आमच्याकडे पुष्कळांनी बर्फावर केलंय, पण बाबाइतकं नाजूक कुणी नाही, हे एविंदुरही मान्य करतो. करायचा.

आणि बाबाने कांडी माझ्यापुढे धरली. "तू."

मला संताप आला. सरळ लिहिते. गॅरेजात फाटकाच्या कड्या डागणं वेगळं आणि हे वेगळं. माझं वेल्डिंग तुटलं तर ग्राउनी इथेच राहील किंवा ओढत जाईल, म्हणजे माझ्या हातून गेलाच. परीक्षेलाही काही मर्यादा असते. "तुला मी नापासच व्हायला हवीय का?" मी विचारलं. सगळ्यांसमोर.

बाबा दांडा धरायला गेला आणि त्याचा हात दांड्याच्या वीतभर बाजूला, नुसत्या हवेत मिटला. मग चाचपत दांड्यावर आला. थंडीने बोटं आखडली असणार.

एविंदुर पाच पावलांवर उभा होता, नेहमीसारखी हाताची घडी घालून. मला वाटलं, आता टोमणा येणार. तो बाबाच्या हाताकडे बघत होता. बराच वेळ बघितलं, मग आला, बर्फात बसला आणि म्हणाला, "हाफ्लिदी, सरक. दांडा मी धरतो. तू तिला आवाजावरून सांग." दोन वर्षांत बाबाशी बोललेलं हे पहिलं वाक्य.

बाबा कान लावून बसला. "कांडी लांब जातेय, तडतड ऐकू येते. जवळ घे. आता बरोबर. तळल्यासारखा आवाज यायला हवा, तुझ्या आईच्या क्लाइनुरसारखा. हा. असाच ने." माझं वेल्डिंग दिसायला उलटीसारखं झालंय. पण धरलं. संध्याकाळी झोपडीपर्यंत आलो, वळणं घेत, पिंपं सगळी शाबूत.

आभार: बॅटऱ्यांचे, एविंदुरच्या खांद्याचे, माझ्या तोंडाचे नाहीत.

३ जून, झोपडी

डोंगराच्या पोटातल्या वाफेवर ही झोपडी गरम राहते. बाहेर गोठवणारा वारा आणि आत माणसं बनियनवर, वाळवलेल्या माशाला लोणी फासून खातायत. मी लहान होते तेव्हा बाबा इथून घरी येऊन सांगायचा आणि मला ते खोटं वाटायचं. काल कपडे वाळत घालताना एकदम भरून आलं. इथे मी स्वतः चालवत आलेय.

एविंदुर माझ्याशी फार चांगला वागतोय. वेल्डिंगचा परिणाम. दोघे म्हातारे वाफेच्या खोलीत बराच वेळ बसले होते. बाहेर आले तेव्हा लाल झालेले आणि गप्प, म्हणजे काही मिटलेलं दिसत नाही. जेवताना मात्र एविंदुरने न विचारता बाबाच्या ताटात धुरावलेलं मटण वाढलं आणि वर म्हणाला, "भाकरी डावीकडे आहे." बाबाला भाकरी दिसत नाही का? म्हाताऱ्यांच्या समेटाची काही वेगळीच रीत असावी.

४ जून

कोल्फिनाने भोकं पाडली, मी बर्फाचे दांडके वाहिले. यंदा बर्फ कमी पडलाय. ती त्याबद्दल हसतखेळत बोलते पण आकडा लिहिताना तिचा चेहरा उतरला. बाबा दिवसभर दारात बसून वारा हुंगत होता. "उद्या निघूया. बदलतंय."

६ जून, घरी

कालचं आज लिहितेय. काल पेन धरवत नव्हतं.

परतीच्या अर्ध्या वाटेवर एविंदुरच्या गाडीची पुढची चाकं ताकद घेईनाशी झाली, आतले दाते मोडले. मागच्या दोन चाकांवर ताज्या बर्फातून जाणं शक्य नाही. म्हणजे आता ग्राउनी पुढे, आमच्या मागे दोर, दोराला एविंदुर. म्होरक्याला बसबाईने ओढत न्यायचं. वायरलेसवर तो एवढंच म्हणाला, "थांबे कमी घे."

भेगांच्या पट्ट्यापाशी पोचलो आणि ढग खाली आला. आभाळ पांढरं, जमीन पांढरी, मध्ये काही नाही. काचेला कागद चिकटवल्यासारखं. वाट दाखवणाऱ्या पडद्यावर आमची चढतानाची रेघ होती, पण दारातून पाणी शिरल्या दिवसापासून तो कुरकुरत होता, आणि नेमका तिथे विझला. मी ग्राउनी उभा केला. दोन वर्षांपूर्वी चाक लटकलं होतं ती जागा आसपासच कुठेतरी होती.

बाबाने विचारलं, "काय दिसतंय?"

आणि माझा बांध फुटला. "काही नाही दिसत. काहीही. पुरे कर आता, बाबा. झेंडा नाही, कड नाही, माझे स्वतःचे हात तेवढे दिसतायत. झाले मी नापास. वीक गाडी त्या राजधानीतल्याला."

बाबाने काळा चष्मा काढून मांडीवर ठेवला. "माझ्या नजरेच्या मधोमध हेच असतं," तो म्हणाला. "दोन वर्षं झाली. कडेकडेचं थोडं दिसतं. तुझा चेहरा सरळ बघितला की नाहीसा होतो."

मी इंजिनचा आवाज ऐकत बसले. गुडघा. काडी. कांडी. एविंदुरच्या खांद्यावरून पलीकडे बघणं. भाकरी डावीकडे आहे. आईचं 'बघायचं काम तुझं हं'. सगळ्यांना कळलं होतं, आणि ज्या बाईला चार दिवस 'बघ, बघ' सांगत होते तिला काही दिसलं नव्हतं. म्हटलं, "मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू मला जपत बसली असतीस. मला वर यायचं होतं."

मग त्याने चाचपून वायरलेस उचलला. "एविंदुर. झेंडे होते. तू लावले होतेस. मला दिसले नाहीत, आणि ते सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून तुझ्यावर ढकललं."

खरखर.  मग एविंदुर म्हणाला, "वाफेत बसला होतास तेव्हाच सांगशील वाटलं होतं. इतकं उकडवून घेतलं मी स्वतःला." आणि थोड्या वेळाने, "वेदिस, झेंडे यंदाही आहेत. लाल. भेगा तुझ्या उजव्या हाताला. घाई करू नकोस, मी कुठे जात नाहीये, मला बांधून ठेवलंय."

मग आम्ही उतरलो. मी काच खाली करून डोकं बाहेर काढलं, बर्फ डोळ्यांत जात होता. बाबाने डोळे मिटले आणि दोन्ही हात सीटवर पसरले. "उजवीकडे कलतोय, डावीकडे घे. थोडं. आता सपाट. इथे चाकाखाली पोकळ वाजतंय, थांब. मागे. अजून डावीकडे." त्याच्या बुडाला ती हिमनदी पाठ आहे. आणि मी, "दिसतोय, दिसतोय, नाही, नुसती सावली. थांब. लाल. बाबा, लाल."

"किती लांब?"

"बसच्या लांबीइतका."

"हं. आता तू तुझ्या भाषेत बोलायला लागलीस."

असा एकेक झेंडा. शेवटच्या झेंड्यापाशी ढगातून काळे खडक दिसले आणि मी रडले, चालवता चालवता. बाबाने विचारलं, "काय झालं, काय दिसलं?" मी सांगितलं, खडक.

ग्राउनी त्याच्या स्वतःच्या चाकांवर घरी आला. उलटीसारख्या वेल्डिंगसह. मागे एविंदुरलाही आणलं.

अंगणात मी विचारलं, "मग? पास?"

"कसली परीक्षा? दोन वर्षांपासून तो तुझाच आहे. आईला विचार."

"मग ती अट, तो राजधानीतला माणूस?"

"असा कुणी माणूस नाही. नुसतं 'घे' म्हटलं असतं तर तू फक्त गाडी घेतली असतीस. मी म्हटलं, वर जायचं वेडही घे."

मी त्याच्यावर रागवायला हवं होतं. सगळा रस्ता ठरवत आले होते, घरी गेल्यावर चांगलं भांडायचं म्हणून. ते काही जमलं नाही.

१४ जून

आज गॅरेजात एविंदुर आला. मी ग्राउनीखाली होते, दांडा पुन्हा नीट डागत होते, त्यामुळे मला फक्त बूट दिसत होते. बाबाचे खुर्चीसमोर, एविंदुरचे दारात. दाराशी ते थांबले. मी कांडी खाली ठेवली.

"मागच्या वेळेबद्दल आभार, हाफ्लिदी," एविंदुर म्हणाला.

बाबाचे बूट उठून उभे राहिले. "मागच्या वेळेबद्दल आभार," तो म्हणाला. मग, "आणि त्याच्या मागच्या वेळेबद्दलही."

त्याच्या मागची वेळ म्हणजे भेग, दोर आणि निखळलेला खांदा. दोन वर्षं अडून बसलेले आभार. एविंदुरचे बूट पुढे आले, चार पावलांत गॅरेज पार करून, आणि तपकिरीच्या शिंगाचं बूच उघडल्याचा आवाज आला. मग दोन शिंका.

एविंदुर गेल्यावर मी बाबाला ग्राउनीत बसवलं आणि बंदराच्या टोकापर्यंत नेलं. ढग नव्हता. तिथून सगळी हिमनदी दिसते. बाबाने मांडीत थर्मास धरला होता. त्याने तोंड तिकडे वळवलं, मग जरा बाजूला, कडेने बघायचा प्रयत्न केला, आणि सोडून दिलं.

"काय दिसतंय, वेदिस?"

मी इंजिन बंद केलं आणि डावीकडच्या टोकापासून सांगायला सुरुवात केली.